दहाचं अकरा

कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला लोक कायम एकच प्रश्न विचारतात, "हा हँग कामून होतो?" खरं म्हणजे विचारायला पाहिजे, "आज काय झालं?" कारण मशीन दुरुस्त होतं, माणसं विसरून जातात, पण जे घडलं ते आपल्या डोक्यात जाऊन बसतं. एकावर एक, एकावर एक! माझ्या डोक्याची डिस्क कधीच भरून लाल झालीय, आणि तरी त्यातलं एकही मी डिलीट करणार नाही.

मी सुजाता खरात. जालन्यातल्या एका शिक्षण संस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघते. सगळं म्हणजे सर्व्हरपासून प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापर्यंत सगळं. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या. एक दिवस सचिवसाहेबांनी बोलावलं.

"सुजाताताई, विंडोज दहाचे अपडेट बंद झाले म्हणतात. आपले सगळे कॉम्प्युटर अकरावर न्यायचे. कोणता जाईल, कोणता न्हाई, ते शाळा-शाळा फिरून बघून या."

"सगळ्या शाळा, सर?"

"जीप आहे, रफिकभाई आहेत, तुम्ही आहात. अजून काय पाह्यजे?"

खरंच काही नको होतं. माझ्या पेनड्राइव्हवर तपासणीचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो मशीनचा प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, डिस्क बघतो आणि सुरक्षेची एक चिप असते, ती बघतो. सगळं जमलं तर हिरवी टिक, नाही तर लाल फुली. पास झाला तो अकरावर जाणार, नापास झाला तो यथावकाश बदलणार. इतकं सोपं काम! निदान मशीनपुरतं तरी सोपं.

*

पहिली शाळा वाटूरची. आदल्या दिवशी सचिवसाहेबांनी स्वतः मुख्याध्यापकांना मेसेज टाकला होता: 'उद्या दहावरून अकराची पात्रता तपासणी. तयारी ठेवावी.'

जीप गेटातून आत शिरली आणि शिट्टी वाजली. बघते तर मैदानात अख्खी दहावी रांगेत उभी! इस्त्रीचे कपडे, तेल लावून विंचरलेले केस. दारात रांगोळी. मागच्या रांगेतली दोन-तीन पोरं गणिताचं पुस्तक पाठीमागं धरून शेवटची घोकंपट्टी करत होती.

मुख्याध्यापक शेळके सर गुलाबाचं फूल घेऊन पुढं आले. जरा घाबरलेले होते.

"या मॅडम. पोरं तयार आहेत. गणित थोडं कच्चं आहे, ते सांभाळून घ्या. तोंडी घेणार का लेखी?"

"सर, मी कॉम्प्युटर तपासायला आलेय."

पीटीच्या सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"मंग मेसेजात दहावरून अकरा कामून लिवलं?"

"विंडोज दहा, सर. तिचं अकरा करायचंय."

शेळके सरांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग फुलाकडं पाहिलं. मग पोरांकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "परीक्षा रद्द!"

जो काय जल्लोष झाला! अर्धी पोरं वर्गात गेली, अर्धी माझ्यामागं ऑफिसच्या खिडकीशी. मी पेनड्राइव्ह लावला. मशीन बिचारं फार जुनं. लाल फुली.

"मॅडम, काय निकाल लागला?" खिडकीतून एका पोरीनं विचारलं.

"नापास झाला गं."

"असू द्या मॅडम! सतरा नंबरचा फॉर्म भरा अन् बाहेरून बसवा त्याला!"

*

आता रफिकभाईंबद्दल सांगते. पांढरी दाढी, पांढरा सफारी, खिशाला पेन. आयुष्यभर संस्थेची जीप चालवली, पण दिसतात एखाद्या विद्यापीठाचे कुलगुरू. त्यामुळं आम्ही कुठंही गेलो की नमस्कार त्यांना आणि बॅग माझ्याकडं.

परतूरच्या शाळेत तर मुख्याध्यापकांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार स्वतः उघडलं. "या साहेब, या! लई ऊन आहे." त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मला म्हणाले, "ताई, बॅग तिथं कोपऱ्यात ठेवा."

रफिकभाईंसमोर थंडा आला. माणूस तहानलेला होता. त्यांनी आधी शांतपणे अर्धी बाटली संपवली. मीही चालू दिलं, मला पुढचं बघायचं होतं.

"मंग साहेब," मुख्याध्यापकांनी हात चोळत विचारलं, "आमचं मशीन अपग्रेड होईल का?"

"देखो सर," रफिकभाई म्हणाले, "जीपचं विचाराल तर आत्ता सांगतो. कॉम्प्युटरचं आमच्या साहेबांना विचारा." आणि बाटलीनं माझ्याकडं खूण केली.

मुख्याध्यापक माझ्या खांद्यावरून वाकून दाराकडं बघायला लागले. "कुठं राह्यले साहेब? मागून येऊन राह्यले का?"

तोपर्यंत मी त्यांच्या टेबलावरच्या मशीनला पेनड्राइव्ह लावलाही होता. "पोहोचले सर. आणि तुमचं मशीन पासही झालं. ही बघा हिरवी टिक!"

सरांचा चेहरा एकदम तांबडा झाला. शिपायाला हाक मारली, "अरे, अजून एक थंडा आण! जल्दी!"

"दोन सांगा सर," रफिकभाई खुर्चीतून उठत म्हणाले. "माझं डिमोशन झालं, पण तहान तेवढीच आहे!"

*

तिसऱ्या दिवशी जांब समर्थला, रामभक्त समर्थांच्या जन्मगावी गेलो. तिथले क्लार्क पाटोळेभाऊ म्हणजे आधी मंदिर, मग ऑफिस. कपाळाला गंध, टेबल चकचकीत, माउससुद्धा पुसून ठेवलेला. मला अशी माणसं फार आवडतात.

मी तपासणी लावली आणि मोठ्यानं वाचत गेले. "प्रोसेसर ठीक. डिस्क ठीक. चिप आहे. फक्त रॅम कमी आहे."

चहाचा ट्रे घेऊन येणारे पाटोळेभाऊ दारातच थांबले.

"काय कमी आहे म्हणलात?"

"रॅम."

त्यांनी ट्रे सावकाश खाली ठेवला. "मॅडम, जिल्ह्यात बाकी कुठंही कमी असंल. मी बोलणार न्हाई. पण जांबात राम कमी? हे माझ्या टेबलावरून लिहून जायचं न्हाई!"

मी हसू दाबलं आणि बॅगेतून रॅमची पट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "भाऊ, ही रॅम. कॉम्प्युटरची मेमरी असते. म्हणजे बघा, त्याची स्मरणशक्ती. ती कमी पडतेय, म्हणून अजून एक लावायची."

भाऊंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. चेहरा निवळला.

"असं म्हणा ना! राम भरपूर आहे, स्मरण कमी पडून राह्यलंय. हे बिलकुल बराबर आहे. माणसांचंही तेच झालंय!"

*

या फेरीत मला दोन प्रकारचे मुख्याध्यापक भेटले. एक, ज्यांना मशीन पास व्हायला हवं होतं. दुसरे, ज्यांना ते नापास व्हायला हवं होतं, म्हणजे नवीन येईल!

मंठ्याकडच्या शाळेतले वानखेडे सर दुसऱ्या प्रकारचे. मी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी आजाऱ्याची माहिती सुरू केली. "मॅडम, काय सांगू, ह्याच्यात काही राह्यलं न्हाई. सकाळी चालू केला तर दुपारी उठतो. आवाज करतो. काल तर जळाल्याचा वास आल्ता." मागं उभ्या शिक्षकांनी माना हलवल्या. एका सरांनी तर नाकाला रुमाल लावून वास कसा होता ते दाखवलं.

मी मशीन चालू केलं. झटक्यात चालू झालं. तपासणी लावली. हिरवी टिक. पुन्हा हिरवी. सगळ्या हिरव्या!

"सर, अभिनंदन! पहिल्या झटक्यात पास."

वानखेडे सर मटकन बसले. "पोरांना वर्षभर शिकवतो, ऐन वेळी दगा देतात," ते म्हणाले. "अन् ह्याला काहीच शिकवलं न्हाई, तर हा पहिल्या झटक्यात!"

*

याच्या अगदी उलट गोष्ट भोकरदनकडच्या शाळेतली. उन्हाळ्याचे दिवस. ऑफिसात पाऊल टाकलं तर मुख्याध्यापिका जाधव मॅडम घामानं निथळत, वहीनं वारा घेत बसलेल्या. खोलीत कूलर होता, चालूही होता. पण त्याचं तोंड होतं कॉम्प्युटरकडं! वर कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, म्हणजे हवा थेट आत लागावी.

"मॅडम, कूलर तुमच्याकडं वळवा की थोडा," मी म्हणाले.

"नको गं बाई. ह्याला ऊन सोसत न्हाई. मध्येच बंद पडतो."

"आणि तुम्ही?"

"माझ्यासारख्या बीएड झालेल्या शंभर मिळतील. हा एकच आहे!"

मी आतली धूळ झाडली. तिच्यात एक अख्खं पाखराचं पीस निघालं. पंखा मोकळा केला, झाकण लावलं. मशीन गार पडलं आणि पासही झालं. निघताना मी कूलर त्यांच्या खुर्चीकडं वळवला. जीपमध्ये बसताना सहज मागं खिडकीतून पाहिलं, तर मॅडम उठून तो परत वळवत होत्या.

*

घनसावंगीच्या शाळेत मशीन चांगलं होतं, पण पासवर्ड फक्त क्लार्क शिंदे यांना माहीत. शिंदे रजा काढून मेहुणीच्या लग्नाला गेलेले. मुख्याध्यापक कदम सरांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मागं बँड वाजत होता.

"शिंदे, त्या खरात मॅडम आल्यात. पासवर्ड सांगा."

पलीकडं बँड एकदम लांब गेला. शिंदे कुठंतरी आडोशाला गेले असावेत. "सर... मी आल्यावर टाकतो."

"अहो, मॅडम जालन्याहून आल्यात! सांगा."

"सर, मॅडमला मेसेज करतो."

"आपल्यात काय लपवायचं? मी काय परका आहे का?"

मग शिंदे हळूच म्हणाले, "बी ए डी एल आय... के ए डी एच आय."

मी टाइप केलं. लॉगिन झालं. कदम सर स्क्रीनकडं न बघता अक्षरं मनात जुळवत होते. जुळली. "बदली कधी?" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "शिंदे, कुणाची बदली? माझी का तुमची?"

"सर," शिंद्यांचा आवाज अगदी प्रामाणिक होता, "दोघांपैकी कुणाचीही चालंल!"

*

बदनापूरची गोष्ट जरा वेगळी. तिथले हेडक्लार्क गवळीनाना निवृत्तीला आलेले. त्यांचं मशीन कित्येक वर्षांत बंदच केलेलं नव्हतं. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर उतरला तर शेजारच्या घरातून वायर. कारण एका वर्षी ते बंद पडलं होतं, ते ऐन निकालाच्या आठवड्यात. परत उठेपर्यंत नानांना अन्न गोड लागलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी त्याला झोपूच दिलं नाही.

तपासणीत एकच लाल फुली आली, चिपची. मला माहीत होतं, चिप आहे. फक्त सेटिंगमध्ये बंद आहे. ती चालू करायला मशीन बंद करून परत चालू करायला लागणार.

"ताई, तेवढं सोडून काहीही करा," नाना म्हणाले. "पोरांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांपासून सगळं ह्याच्यात आहे. मी जाऊन राह्यलो पुढच्या महिन्यात. जाता जाता माझ्या हातून काही व्हायला नको."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. "नाना, आधी सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेते. ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी माझ्या लॅपटॉपवर उघडून बघा. तुमचं समाधान झालं तरच बटण दाबायचं. आणि ते तुम्हीच दाबायचं."

दुपारभर कॉपी चालली. नानांनी चष्मा पुसून पुसून फाइली उघडून पाहिल्या. मग म्हणाले, "हं. होऊ द्या." बातमी पसरली. शिक्षक जमले, स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत आल्या. नानांनी डोळे मिटून माउस दाबला. स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला. त्या खोलीत इतकी शांतता त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आली असेल.

मी पॉवरचं बटण दाबून सेटिंगमध्ये गेले, चिप चालू केली, त्यातून बाहेर आले. स्क्रीन परत काळी. एक क्षण, दोन क्षण काहीच नाही. मावशींनी हात जोडले. आणि मग उजेड आला!

"उठला!" नाना ओरडले. "उठला रे, उठला!" डोळे पुसत त्यांनी मावशींना पेढे आणायला पाठवलं. तपासणी परत लावली, सगळं हिरवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणाले, "बघा नाना, उगाच घाबरत होतात. आता रोज संध्याकाळी बंद करून घरी जात जा."

नानांनी पेढा माझ्या तोंडात घातला आणि अगदी मायेनं म्हणाले, "ताई, आज झालं ते झालं. परत असं बोलू नका."

*

शेवटी अंबड. तिथं इतिहास शिकवतात लोखंडे मॅडम. त्यांना जन्मापासून दिसत नाही. शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर, त्याची स्क्रीन कायम बंद. "मला काय करायचीय? उगाच वीज जाते," म्हणतात. मशीनमध्ये एक जुना बोलणारा प्रोग्रॅम होता. बटण दाबलं की तो स्क्रीनवरचं वाचून दाखवायचा. त्यावर त्या पेपर काढायच्या, धडे तयार करायच्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या मेलला उत्तरं द्यायच्या.

मी तपासणी लावली. सगळं हिरवं. खुशीत सांगितलं, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटर तयार आहे!"

"कॉम्प्युटर तयार आहे, कळलं," त्या म्हणाल्या. "त्याच्यातला बोलणारा तयार आहे का?"

माझ्या तपासणीत या प्रश्नाला रकानाच नव्हता. मी बघितलं. तो प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलेला. अकरावर तो चालणार नव्हता.

मुख्याध्यापक मोरे सर चांगले माणूस, पण घाईत. "मॅडम, अपग्रेड तर करून टाका, बोलण्याचं नंतर बघू. तोपर्यंत कुणीतरी वाचून दाखवंल त्यांना."

लोखंडे मॅडमचा चेहरा उतरला. आवाज मात्र उतरला नाही. "सर, हा यायच्या आधी मी तेच करत होते. कुणाला वेळ असंल तर माझा पेपर निघायचा. कुणाचा डबा खाऊन व्हायचा, मंग माझं वाचन. तिथं मला परत जायचं न्हाई."

मी तिथूनच सचिवसाहेबांना फोन लावला. "सर, अंबडचं एक मशीन आज होणार नाही. आधी आवाज, मग अकरा."

"किती दिवस?"

"लागतील तेवढे."

"बराबर आहे. लावा."

दुसऱ्या दिवशी माझा लॅपटॉप घेऊन गेले. त्यात अकरा होतं आणि नवा वाचणारा प्रोग्रॅम मराठी आवाजासकट टाकून आणला होता. मॅडमनी कान देऊन ऐकलं.

"हा कोण? फार शुद्ध बोलतो. ह्यानं अंबड पाह्यलेलं दिसत न्हाई."

"सवय होईल, मॅडम."

"मला होईल. त्याला होऊ द्या."

मग त्यांनी त्याची परीक्षाच घेतली. गावांची नावं टाइप केली, राजांची टाइप केली, जुन्या पेपरातले प्रश्न लावले. जिथं तो अडखळायचा तिथं मी त्याला उच्चार शिकवत गेले. चुकला की मॅडम टेबलावर बोट वाजवायच्या, परत म्हणायला लावायच्या. दुपारपर्यंत तो घनसावंगी नीट म्हणायला लागला, जाफ्राबाद म्हणायला लागला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. घ्या ह्याला."

अपग्रेड सुरू करायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. जुन्या आवाजाला एकदा चालू केलं, नववीचा एक धडा त्याच्याकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतला. धडा संपल्यावर त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला. "लई वाचलंस बाबा," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "करा सुरू."

अकरा चढलं. नवा आवाज सावकाश, एकेक शब्द तोलून मॅडमच्या पेपरातलं पहिलं वाक्य वाचू लागला. मॅडमनी दोन बटणं शोधली आणि वेग वाढवला. अजून वाढवला. अजून! आवाज धावायला लागला, मग पळायला लागला, मग शब्द वेगळे ऐकू येईनात, नुसती गिरणी चालल्यासारखी घरघर. मी इंजिनिअर, मराठी माझी मायबोली, आणि मला एक अक्षर कळेना. मॅडम मात्र मान डोलवत ऐकत होत्या. मध्येच थांबवून म्हणाल्या, "चौथ्या प्रश्नात एक वेलांटी राह्यलीय," आणि दुरुस्त करून परत सुरू केलं.

तेवढ्यात मोरे सर धावत आले. "अहो मॅडम, बिघडला का काय? मागं कुत्रं लागल्यासारखा कामून बोलून राह्यलाय?"

लोखंडे मॅडमनी मान वर केली आणि हसल्या.

"न्हाई सर. आत्ता कुठं तो माझ्या चालीनं चालून राह्यलाय!"